पोटातले पुरळ : लहान रक्तवाहिन्यांचा दाह आणि आतडी

पोट दुखणाऱ्या मुलाला टेबलावर झोपवले, पोट चाचपले, जीभ पाहिली, ताप मोजला, पण विजार उतरवून नडग्या आणि ढुंगण पाहिले नाही, तर आयजीए व्हॅस्क्युलायटिस हमखास निसटतो. जुन्या पुस्तकांत याचे नाव हेनॉख-शोनलाइन पर्प्युरा. २०१२ च्या चॅपेल हिल परिषदेने नाव बदलले, तरी वॉर्डात अजून ‘एचएसपी’च म्हणतात. लहान मुलांमधल्या रक्तवाहिन्यांच्या दाहांत हा सर्वाधिक आढळणारा. दर लाख मुलांमागे वर्षाला साधारण दहा ते वीस जणांना तो होतो आणि त्यांतली बहुतेक तीन ते दहा वर्षांची असतात. आजार चार ठिकाणी दिसतो : त्वचा, सांधे, पोट आणि मूत्रपिंड. त्वचेवरचे डाग आईवडिलांना दिसतात, सांधे सुजले की मूल लंगडते म्हणून कळतात, मूत्रपिंडाची धास्ती डॉक्टरांना असते. पोटाचे दुखणे मात्र ‘असेल काहीतरी खाण्यातले’ म्हणून बाजूला पडते. माझे म्हणणे असे की पहिल्या तीन-चार आठवड्यांत या मुलाचे काय होणार ते पोट ठरवते. तिथेच दोन उलट्या दिशांच्या चुका होतात. नको तिथे ऑपरेशन होते आणि हवे तिथे ते उशिरा होते.

पोटाची ही गुंतागुंत आजच्या तपासण्यांमुळे कळलेली नाही. विल्यम हेबरडन या लंडनच्या डॉक्टरच्या टिपणांचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १८०२ मध्ये, प्रसिद्ध झाले. त्यात पाच वर्षांच्या एका मुलाचे वर्णन आहे. अंगावर जागोजागी सूज, मधूनच पोटात कळा आणि उलट्या, शौचात रक्ताच्या रेषा, लघवी लालसर, चालता येत नाही, आणि मग पायावर रक्ताचे ठिपके. आजच्या केस पेपरवरही याहून वेगळे लिहिले जाणार नाही. पुढे १८३७ मध्ये शोनलाइनने डाग आणि सांधेदुखी यांची सांगड घातली. त्याचाच विद्यार्थी एडुआर्ड हेनॉख याने १८७४ मध्ये पोटदुखी आणि रक्ताची शौच त्यात जोडली, पुढे मूत्रपिंडाचीही नोंद केली. म्हणजे आजाराच्या जुन्या नावातला पहिला माणूस तिथे पोहोचला तो पोटाच्या वाटेने. विल्यम ऑस्लरने १९०४ मध्ये खास शल्यचिकित्सकांना उद्देशून लिहिले की, अशा त्वचारोगांत पोटाचे झटके येतात आणि ते ओळखले नाहीत तर विनाकारण पोट उघडले जाते. सव्वाशे वर्षे होत आली, इशारा अजून जुना झालेला नाही.

आतड्यात नेमके घडते काय? आयजीए हे प्रतिपिंड नाक, घसा आणि आतडे यांच्या अस्तराची राखण करते. त्याच्या आयजीए१ या प्रकाराच्या रेणूला साखरेच्या छोट्या साखळ्या जोडलेल्या असतात. या आजारात, विशेषतः ज्यांचे मूत्रपिंड बिघडते अशा रुग्णांत, त्या साखळ्यांमध्ये गॅलॅक्टोज कमी पडलेले आढळते. असे सदोष रेणू एकमेकांना आणि इतर प्रतिपिंडांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि ते केशवाहिन्या व लगतच्या बारीक शिरांच्या भिंतीत जाऊन बसतात. पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात, फुटतात आणि त्यांच्यातल्या रसायनांनी भिंत झिरपू लागते. बहुतेकदा आधीच्या पंधरवड्यात सर्दी-घशाचे दुखणे होऊन गेलेले असते, म्हणून थंडीच्या दिवसांत रुग्ण वाढतात. नडगीवर जे रक्त झिरपते त्याचा डाग दिसतो. तेच आतड्याच्या भिंतीत झिरपले की अस्तराखालचा थर पाण्याने आणि रक्ताने फुगतो. दुर्बीण घालून पाहिले तर तिथेही लाल ठिपके, चट्टे, उथळ व्रण दिसतात. पोटाला आलेले पुरळच ते. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, त्यातही त्याचे वळण, आणि शेवटचा भाग यांना सर्वांत जास्त झळ बसते. साध्या आम्लपित्ताचे किंवा गोळ्यांमुळे होणारे व्रण सहसा जठरात किंवा त्याला लागूनच सापडतात. त्यामुळे वळणापाशी सापडलेले व्रण पाहून अनुभवी गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्टला त्वचेकडे बघावेसे वाटते, आणि ते बरोबरच आहे.

निम्म्याहून जास्त, काही मालिकांत पाऊणशे टक्क्यांपर्यंत, मुलांना पोटाचा त्रास होतो. कळा बेंबीभोवती येतात, थांबतात, पुन्हा येतात. जेवणानंतर वाढतात, कारण पचनासाठी आतड्याला जास्त रक्त लागते आणि सुजलेल्या वाहिन्यांतून ते पोहोचत नाही. मूल पाय पोटाशी घेऊन वळवळते, उलटी करते. आपल्याकडे मग बेंबी सरकली म्हणून पोट चोळले जाते, जंत झाले असतील म्हणून औषध दिले जाते, अंगावर पुरळ असेल तर पित्त उठले म्हणून आमसुलाचे पाणी लावले जाते. घरच्यांना यात दोष देता येणार नाही. या आजाराचे पुरळ सुरुवातीला खरेच पित्ताच्या गांधींसारखे असू शकते आणि एक-दोन दिवसांनी त्याला जांभळट रंग चढतो. पण सुजलेले, आतून रक्त झिरपणारे आतडे वरून रगडणे मात्र टाळायलाच हवे. पोट चोळायची ही सवय, कारण काहीही असो, मुलांच्या बाबतीत सुटली तर बरे.

खरी फसगत क्रमाने होते. बहुतेक मुलांत आधी डाग येतात आणि आठवड्याभरात पोट दुखू लागते. तेव्हा निदान सोपे असते. पण साधारण दहा ते वीस टक्के मुलांत पोट आधी दुखते आणि डाग नंतर येतात, कधी काही दिवसांनी, क्वचित दोन आठवड्यांनी. या मधल्या काळात पोटदुखी, उलट्या, थोडा ताप, रक्तात वाढलेल्या पांढऱ्या पेशी असे चित्र असते आणि ते अपेंडिक्सशी इतके जुळते की मूल थेट ऑपरेशन टेबलावर जाते. पोट उघडल्यावर अपेंडिक्स बरे निघते आणि आतडे लालसर, सुजलेले दिसते. दोन दिवसांनी नडगीवर ठिपके येतात आणि मग उलगडा होतो. यात सर्जनने हलगर्जी केली असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. डाग आलेलेच नसतील तर कोणाला दिसणार? पण डाग आलेले असूनही विजारीखाली राहिले, हे टाळता येण्यासारखे आहे. मुलग्यांमध्ये वृषण सुजून दुखू शकते, तेही पीळ पडल्यासारखे भासते. तिथेही आधी पाय पाहावेत.

पाय पाहायचे म्हणजे काय, तेही नीट सांगायला हवे. हे डाग दाब पडतो तिथे आणि रक्त साचते तिथे येतात. मोज्याच्या इलॅस्टिकच्या रेषेवर, घोट्याभोवती, नडगीवर, बसायच्या जागी. काचेचा पारदर्शक पेला डागावर दाबला तर साधे पुरळ फिके पडते, हे पडत नाही. पुस्तकांतले फोटो बहुतेक गोऱ्या त्वचेचे असतात, लालभडक. आपल्या सावळ्या मुलांच्या पायावर तेच डाग तपकिरी, काळपट जांभळे दिसतात आणि ट्यूबलाइटच्या उजेडात चटकन नजरेत भरत नाहीत. म्हणून हात फिरवून पाहावे. बोटांना ते किंचित उंच लागतात, आणि निदानाची अर्धी वाट त्या स्पर्शात असते. २००८ मध्ये अंकारा इथे युरोपीय बालसंधिवात तज्ज्ञांनी निकष पक्के केले तेव्हा हातांना लागणारे जांभळे डाग ही अट अनिवार्य ठेवली. सोबत पसरलेली पोटदुखी, सांध्यांचा त्रास, मूत्रपिंडाचा सहभाग किंवा बायोप्सीत आयजीए सापडणे, यांपैकी एक गोष्ट पुरते.

महाराष्ट्रात आणखी एक अडथळा आहे. पावसाळ्यानंतर अंगावर ठिपके म्हटले की पहिला प्रश्न ‘पेशी किती?’ हाच असतो. डेंग्यूने तो प्रत्येक घरात नेला आहे. प्लेटलेट कमी असतील तर डेंग्यू किंवा आयटीपी हा प्लेटलेट घटवणारा आजार, हे बरोबर. आयजीए व्हॅस्क्युलायटिसमध्ये प्लेटलेट पुरेशा असतात, बऱ्याचदा वाढलेल्याही असतात, कारण रक्तस्राव पेशींच्या कमतरतेने होत नाही, वाहिनीची भिंत झिरपल्याने होतो. ‘पेशी नॉर्मल आहेत, काळजी नको’ असे सांगून मूल घरी पाठवले जाते तेव्हा खरे निदान हातातून जाते. ठिपके आहेत आणि पेशी भरपूर आहेत, ही निश्चिंत होण्याची जागा नाही. अशा वेळी रक्तवाहिन्यांचा दाह आठवायला हवा. मूल तापाने फणफणलेले, मलूल, डाग तासागणिक पसरणारे असतील तर मात्र मेनिंगोकॉकससारखा जंतुसंसर्ग आधी डोळ्यांसमोर आणावा आणि तिथे एक तासही दवडू नये.

आता सर्वांत महत्त्वाच्या गुंतागुंतीकडे येतो. आतड्यात आतडे शिरणे, इंटससेप्शन. सदऱ्याची बाही काढताना ती स्वतःतच दुमडत आत जाते, तसा आतड्याचा एक भाग पुढच्या भागात सरकतो. सूज आणि रक्त साचून भिंतीवर आलेला फुगवटा हे याचे निमित्त होते, कारण आतड्याची पुढे ढकलणारी लाट त्या फुगवट्याला पकडून ओढत नेते. आत गेलेल्या भागाच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि वेळेत सोडवले नाही तर तो भाग सडतो. आयजीए व्हॅस्क्युलायटिसच्या शंभर मुलांत एक ते पाच जणांना हे होते. आकडा लहान वाटतो, पण जिवावर बेतण्याची शक्यता इथेच असते.

इथे एक बारकावा आहे आणि तो ठाऊक नसला तर उपचार चुकतो. एरवी इंटससेप्शन तान्ह्या मुलांत, साधारण दोन वर्षांच्या आत होते. त्यात लहान आतडे मोठ्या आतड्यात शिरते आणि गुदद्वारातून हवा किंवा द्रव सोडून ते बहुतेकदा बाहेर ढकलता येते. व्हॅस्क्युलायटिसच्या मुलांत निम्म्याहून अधिक वेळा लहान आतडे लहान आतड्यातच शिरते. खालून सोडलेली हवा तिथपर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून तो प्रयोग करत बसण्यापेक्षा सोनोग्राफी हाच भरवशाचा मार्ग. आडव्या छेदात एकात एक वर्तुळे दिसली की शंका उरत नाही. दाहाने सुजलेल्या आतड्याची भिंतही सोनोग्राफीच दाखवते. एरवी ती ३ मिलिमीटरच्या आत असते, इथे ती जाड होते. सोनोग्राफी स्वस्त आहे, किरणोत्सर्ग नाही, तालुक्याच्या ठिकाणीही यंत्र असते. पण एकदा केलेली सोनोग्राफी आठवडाभर पुरत नाही. आज साधी सूज असलेले आतडे परवा आत शिरू शकते. कळा अचानक वाढल्या, उलटीत हिरवे पित्त आले, पोट फुगले, शौचात रक्त दिसले, तर काल केली होती म्हणून आज टाळू नये. काही लहान आतड्यातली इंटससेप्शन आपोआप सुटतात, तेव्हा मूल शांत असेल तर काही तास बारकाईने लक्ष ठेवून थांबणे योग्य. नाही सुटली तर सर्जन हवाच आणि तेव्हा ‘हे तर एचएसपी आहे, आपोआप बरे होईल’ हे वाक्य घातक ठरते. निदान माहीत असल्यामुळे ऑपरेशन लांबते, ही निदान न झाल्याने होणाऱ्या अनाठायी ऑपरेशनइतकीच मोठी चूक आहे.

रक्तस्रावाचे प्रमाण याहून बरेच जास्त. साध्या डोळ्यांना न दिसणारे रक्त तपासले तर निम्म्या मुलांच्या शौचात सापडते. काळी चिकट शी किंवा उघड लाल रक्त साधारण चौथ्या-पाचव्या मुलात. रक्त चढवण्याइतका स्राव थोड्यांनाच होतो. आतड्याला भोक पडणे, भाग मृत होणे, स्वादुपिंडाला सूज, पित्ताशय फुगणे या गोष्टी घडतात, पण विरळा. महिन्यांनी आतडे अरुंद होऊन अडथळा येणे तर फारच क्वचित. एक गोष्ट मात्र विरळा नसून दुर्लक्षित आहे. झिरपणाऱ्या आतड्यातून प्रथिने निघून जातात, रक्तातले अल्ब्युमिन उतरते आणि चेहरा-पाय सुजतात. सूज पाहून मूत्रपिंड बिघडले असे गृहीत धरले जाते. लघवीत प्रथिने नसतील तर ती पोटातून जात आहेत का, हे विचारायला हवे.

उपचारात सर्वांत जास्त वाद स्टिरॉइडचा. बहुतेक मुलांना पाणी, विश्रांती, पॅरासिटामॉल आणि पचायला हलके अन्न एवढे पुरते. आजार साधारण चार आठवड्यांत ओसरतो. सुमारे एक तृतीयांश मुलांत तो पुढच्या काही महिन्यांत पुन्हा डोके वर काढतो, पण सहसा सौम्यपणे. दुखण्यासाठी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या सांध्यांना आराम देतात, पण आतड्यातून रक्त जात असेल किंवा मूत्रपिंड दुखावले असेल तर त्या नकोत. स्टिरॉइडबद्दलचा पुरावा मला असा दिसतो. फिनलंडमधल्या १७१ मुलांच्या चाचणीत, २००६ मध्ये, प्रेडनिसोनने पोटाच्या आणि सांध्यांच्या वेदना कमी झाल्या, मूत्रपिंडाचा त्रास मात्र टळला नाही. ब्रिटनमधल्या ३५२ मुलांची चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. सुरुवातीलाच दोन आठवडे प्रेडनिसोलोन दिल्याने वर्षानंतरच्या लघवीतल्या प्रथिनांत फरक पडला नाही. म्हणजे ‘पुढे किडनी बिघडू नये’ म्हणून प्रत्येक मुलाला स्टिरॉइड देणे, जे अजूनही सर्रास होते, त्याला आधार उरलेला नाही. तीव्र पोटदुखीसाठी, रक्तस्रावासाठी ते द्यावे. २०१९ च्या युरोपीय शिफारशीही गंभीर पोटविकाराला स्टिरॉइडचे कारण मानतात. मात्रा सहसा दर किलो वजनाला दिवसाला १ ते २ मिलिग्रॅम. आतडे इतके सुजले असेल की तोंडाने घेतलेले औषध शोषले जाण्याची खात्री नाही, तर शिरेतून द्यावे. आणि एक सावधगिरी : स्टिरॉइड सुरू असताना आतड्याला भोक पडले तर पोट कडक होणे, ताप येणे ही लक्षणे दबतात. मूल शांत दिसते म्हणून पोटावर हात ठेवायचे थांबवू नये.

स्टिरॉइडनेही न आवरणाऱ्या थोड्या मुलांसाठी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, मायकोफेनोलेट, सायक्लोफॉस्फामाइड वापरले गेले आहे. जपानमध्ये रक्त गोठवणारा घटक तेरा दिला जातो, कारण पोटाच्या गंभीर आजारात त्याची पातळी घसरते. यांतल्या कशालाच मोठ्या चाचण्यांचे बळ नाही. रुग्ण थोडे, रुग्णालये विखुरलेली. आपल्याकडच्या बालरोग विभागांनी एकत्र नोंदवही ठेवली तर या प्रश्नाला भारतातूनच उत्तर मिळू शकेल, इतकी मुले इथे आहेत.

मोठ्यांमध्ये हा आजार कमी होतो, पण मूत्रपिंडाला जास्त धरतो. मोठ्या माणसाच्या आतड्यातल्या बारीक वाहिन्यांचा दाह म्हटला की इतर भावंडेही आठवावी लागतात. जुन्या दम्याच्या रुग्णात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढून पोट दुखू लागले तर ईजीपीए हा वाहिन्यांचा दाह. ल्युपसमध्ये आतड्याच्या वाहिन्या सुजतात, तेव्हा सीटी स्कॅनमध्ये भिंत जाड आणि तिच्याकडे जाणाऱ्या वाहिन्या ठळक दिसतात. हेपटायटिस सीमुळे होणारा क्रायोग्लोब्युलिनचा दाहही इथेच मोडतो. फ्रेंच गटाने १९९६ मध्ये अशा काही आजारांत जीविताचा धोका सांगणारे पाच घटक ठरवले, त्यांत पचनसंस्थेचा सहभाग हा एक होता.

आणि आपल्या देशात या साऱ्यावर क्षयाची सावली आहे. लहान आतड्याच्या शेवटी व्रण, वजन उतरणे, पोटदुखी हे आतड्याच्या क्षयाचेही चित्र आहे. टायफॉइडने त्याच जागी भोक पडते. क्षय असलेल्या माणसाला व्हॅस्क्युलायटिस समजून स्टिरॉइड दिले तर क्षय उसळतो, आणि व्हॅस्क्युलायटिसच्या माणसाला सहा महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या तर तेवढे दिवस आजार वाढत राहतो. इओसिनोफिलही आपल्याकडे जंतांमुळे वाढलेले सापडतात. त्यामुळे जिथे मिळेल तिथे बायोप्सी घ्यावी आणि क्षयाची तपासणी करावी. पण हेही खरे की दुर्बिणीतून घेतलेला तुकडा वरवरचा असतो. दाह खालच्या थरात असेल तर अहवाल ‘विशेष काही नाही’ असा येतो. तेवढ्यावरून निदान मोडीत काढू नये.

पोट शांत झाले, मूल जेवू लागले, की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. त्यांना तेव्हाच सांगायला हवे की ज्या मुलाचे पोट जास्त दुखले, ज्याच्या शौचात रक्त आले, त्याच्या मूत्रपिंडाला पुढे त्रास होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. मूत्रपिंडाचा त्रास ज्यांना होतो त्यांतल्या बहुतेकांना तो पहिल्या महिन्यात आणि जवळजवळ सर्वांना सहा महिन्यांच्या आत दिसतो. तो दुखत नाही, म्हणून मूल सांगणार नाही. लघवीची पट्टी बुडवून पाहणे आणि रक्तदाब मोजणे, एवढीच तपासणी लागते आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. पहिला महिना दर आठवड्याला, नंतर सहा महिने होईपर्यंत महिन्यातून एकदा. डिस्चार्ज कार्डावर ‘पुन्हा दाखवा’ असे मोघम लिहिण्याऐवजी डॉक्टरांनी या तारखा लिहून द्याव्यात. नसतील लिहिल्या तर आईवडिलांनी मागून घ्याव्यात आणि मूल खेळायला लागले म्हणून त्यांतली एकही चुकवू नये.